पोटातल्या बाळाचा श्वास कोण मोजतं?

(कारधा, जिल्हा भंडारा येथे बचत गटातल्या बाया, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज बाळंतपणाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात मी नदीपासून करते. कारध्याला वैनगंगेची पातळी मोजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात रोज आकडा येतो. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी. आकडा तिच्याजवळ जायला लागला की नदीकाठच्या घरात सामान वर चढवायला सुरुवात होते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस महापूर आला, तेव्हाही आकडे मोजले जातच होते. पण त्या पुराचं काय आठवतं असं विचारलं, तर तुमच्यापैकी कुणी आकडा सांगत नाही. तुम्ही सांगता, आम्हाला कळलं कधी, बोट आली कधी, गोठ्यातली जनावरं सोडायला वेळ मिळाला की नाही.

म्हणजे मोजणं ही एक गोष्ट. मोजलेलं आपल्यापर्यंत पोचणं ही दुसरी. आणि पोचल्यावर हालचाल होणं ही तिसरी. हेच तीन प्रश्न आज मला बाळंतपणाच्या खोलीत नेऊन विचारायचे आहेत.

कामाच्या निमित्ताने भेटलेल्या दोन बाया माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांची नावं सांगत नाही, गावं आणि दवाखानेही सांगत नाही. पहिलीचं पहिलटकरणीचं बाळंतपण. पोटाला पट्टा बांधून यंत्र लावलेलं. रात्री अचानक धावपळ झाली. बाळ गुदमरतंय म्हणून नवऱ्याची सही घेतली आणि तिला आत नेलं. सिझर झालं, बाळ चांगलं निघालं. तिची ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. ती एवढंच म्हणाली, "मले कोनी काईच सांगितलं नाई जी. बाळ माह्या पोटात होतं, पण त्याची खबर माह्यापरस साऱ्यायले आधी."

दुसरीची कथा उलटी. ती रात्रभर कळा देत पडली होती. कळा वाढवायचं इंजेक्शन दिलेलं. खोलीत तिच्यासारख्या आणखी काही जणी, आणि ड्यूटीवर एकच सिस्टर. सकाळी बाळ आलं ते निळं, रडलंच नाही. वाचलं, पण आज चार वर्षांचं होऊनही मान नीट धरत नाही. ती म्हणाली, "रातभर पोटाले कोनी कान लावला नाई."

एकीला खूप यंत्र, दुसरीला साधा कानही नाही. दोघींच्या मधे एक प्रश्न समान आहे. पोटातलं बाळ गुदमरतंय की नाही, हे कळतं कसं? हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असं समजून आपण गप्प बसतो. मला वाटतं, तो आपला आहे, आणि समजायला अवघडही नाही.

बाळ पोटात श्वास घेतं कसं?

पोटातलं बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू येतो आईच्या रक्तातून, वारेतून आणि नाळेतून. त्याच वाटेने त्याच्या शरीरातला कर्बवायू परत आईकडे जातो. आई श्वास घेते ती दोघांसाठी.

कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं. आवळलं की त्याच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. साधारण एक मिनिटाची कळ, मग दोन-तीन मिनिटांची विश्रांती. त्या विश्रांतीत बाळ आपली शिदोरी पुन्हा भरून घेतं. निरोगी बाळाला हे झेपतं, निसर्गाने त्याची तयारी करून ठेवली आहे. आपल्या रोहिणीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब ९० ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर पोटातल्या बाळाचा त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. तेवढ्यावर ते मजेत वाढतं, कारण त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं आणि थोडक्या प्राणवायूलाही घट्ट पकडतं.

धोका कधी? कळांमधली विश्रांती नाहीशी झाली की. वार सुटायला लागली, नाळ दाबली गेली, आईचं रक्त फार कमी असलं, तिचा रक्तदाब पडला, की. आणि कळा वाढवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मोजमाप न ठेवता दिलं, की. हे इंजेक्शन वाईट नाही, बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबवायला तर ते जीव वाचवतं. पण बाळ पोटात असताना ते सलाईनमधून थेंब मोजून द्यायचं असतं, आणि देताना बाळाचे ठोके ऐकत राहावं लागतं. दंडावर एकदम टोचलं तर परत काढता येत नाही. कळेवर कळ येते आणि बाळाला श्वास घ्यायला फटच राहत नाही.

प्राणवायू कमी पडत राहिला की कर्बवायू साचतो, मग रक्तात आम्ल वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शेवटी मेंदूला इजा होते. हे सगळं क्रमाने होतं, एकदम नाही. म्हणूनच वेळेत कळलं तर करण्यासारखं बरंच असतं.

कान, पट्टा, रक्ताचा थेंब

कळण्याचं सर्वात जुनं साधन म्हणजे कान. फ्रान्सचे पिनार्ड यांनी १८९५ साली पोटावर ठेवून ऐकायची नळी केली. ती अजून चालते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळ चालू असताना ऐकायला सुरुवात करायची आणि कळ गेल्यावरही ऐकत राहायचं. कळ ओसरल्यावर ठोके मंद होऊन परत लवकर वर येत नसतील, तर बाळाची शिदोरी भरत नाहीये असं समजायचं.

मग १९५० आणि ६०च्या दशकांत ठोके आणि कळा यांचा सतत आलेख काढणारी यंत्रं आली. आपल्याकडे बाया त्याला 'पट्टा' म्हणतात. या यंत्राची अडचण लवकरच लक्षात आली. आलेख बिघडला म्हणजे बाळ गुदमरतंयच असं नसतं. ठोके हा धूर आहे, आग नव्हे. धूर पाहून दर वेळी पोट कापायला गेलं, तर कितीतरी पोटं विनाकारण कापली जातील.

म्हणून बर्लिनचे डॉक्टर एरिख झालिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट काढली. पाणमोट फुटल्यावर आणि पिशवीचं तोंड पुरेसं उघडल्यावर योनिमार्गातून नळी घालून बाळाच्या डोक्याच्या कातडीला बारीक टोचायचं, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्याचा सामू, म्हणजे आंबटपणा, मोजायचा. ७.२५ किंवा वर असेल तर बाळ ठीक. ७.२०च्या खाली असेल तर घाई करायची. मधे असेल तर थोड्या वेळाने पुन्हा टोचायचं. माहिती खरी मिळते, पण ती एका क्षणाची. दर वेळी बाईला पाय वर बांधून झोपवायचं, दर वेळी बाळाला टोचायचं.

कातडीतून मोजणारं यंत्र

इथे आजच्या विषयाचं यंत्र येतं. न टोचता, कातडीवरूनच, सतत, बाळाच्या रक्तातले वायू मोजता येतील का, असा तो विचार होता.

अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड केला होता. १९५८ साली जॉन सेव्हरिंगहाउस यांनी कर्बवायू मोजणारा इलेक्ट्रोड वापरण्याजोगा केला. पण आपल्या कातडीतून प्राणवायू फारच थोडा बाहेर येतो. जर्मनीतल्या मारबुर्ग गावी रेनाटे हूख, त्यांचे पती आल्बर्ट हूख आणि डीट्रिख ल्यूबर्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली. त्यांनी इलेक्ट्रोड सुमारे ४४ अंशांपर्यंत गरम केला. कातडी तापली की खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, रक्त जोरात वाहतं आणि प्राणवायू कातडीबाहेर झिरपतो. चुलीजवळ बसलं की गाल लाल होतात, तसंच हे. बाहेर झिरपलेला वायू इलेक्ट्रोडला कळतो. या शोधात एक बाई शास्त्रज्ञ आघाडीवर होती, हेही आपण लक्षात ठेवू या.

हा इलेक्ट्रोड बाळंतपणात वापरायचा, तर बाळाच्या डोक्यावर चिकटवायचा. त्यासाठी पाणमोट फुटलेली हवी. पिशवीचं तोंड उघडलेलं हवं. बाळाच्या डोक्यावरचे तेवढे केस काढायला हवेत, कारण केसावर इलेक्ट्रोड चिकटत नाही. आईने फार हालचाल करायची नाही, नाहीतर तो सुटतो. आणि इतकं करून आकडा मिळाला तरी तो बाळाचा असतो की फक्त त्या जागेच्या कातडीचा? कळेत डोकं दाबलं गेलं की तिथलं रक्त कमी होतं, डोक्यावर सूज येते, आणि आकडा खाली जातो. बाळ आतून बरं असलं तरी. कर्बवायू कातडीतून अधिक सहज येतो, म्हणून पुढे त्याच्या मोजणीवरही काम झालं. पण बाळंतपणाच्या खोलीत हे यंत्र रोजच्या वापरात कधीच रुळलं नाही. जन्मलेल्या अशक्त बाळांच्या विभागात मात्र ते उपयोगी पडलं, आजही पडतं. तिथेसुद्धा नाजूक कातडी भाजू नये म्हणून दर काही तासांनी त्याची जागा बदलावी लागते.

नंतर प्रकाशाने मोजणारं यंत्र आलं. करोनात तुम्ही आशाताईंनी घरोघर जाऊन बोटाला चिमटा लावला, त्याचंच हे भावंड. बाळाच्या गालाशी सरकवून प्राणवायू मोजायचा. अमेरिकेत २०००मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २००६ साली तिथेच ५,३४१ बायांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राचा आकडा डॉक्टरांना दिसत असला काय आणि नसला काय, सिझरचं प्रमाण कमी झालं नाही, बाळांची तब्येतही काही अधिक चांगली निघाली नाही. यंत्र मागे पडलं.

या चिमट्याची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. २०२० साली अमेरिकेतल्याच अभ्यासात दिसलं की काळ्या कातडीच्या रुग्णांचा प्राणवायू खरोखर कमी असतानाही चिमटा तो पुरेसा दाखवतो, आणि ही चूक गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा होते. कातडीतून मोजायचं, तर कुणाच्या कातडीवर तपासून यंत्र बनवलं, हा प्रश्न विचारावाच लागतो. आपण बहुतेक जणी सावळ्या आहोत, म्हणून सांगितलं.

यंत्र कुणाच्या शरीरातून जातं?

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट खटकते. बाळापर्यंत पोचायची प्रत्येक नळी, प्रत्येक तार बाईच्या शरीरातून जाते. पाणमोट फोडायची तिची. हालचाल बंद ठेवायची तिने. पाठीवर झोपायचं तिने. आणि पाठीवर झोपल्याने तर पोटाच्या भाराखाली मोठ्या रक्तवाहिन्या दाबून बाळाचंच रक्त कमी होऊ शकतं! बाळाचं मोजायला म्हणून आईला असं बांधून ठेवायचं, की मोजण्यामुळेच बाळाला त्रास व्हावा. कुशीवर वळवलं, उठून फिरू दिलं, तर कितीतरी वेळा ठोके आपोआप सुधारतात.

मला यंत्राचं वावडं नाही. रक्तदाब वाढलेली, रक्तस्राव होत असलेली, इंजेक्शनने कळा आणलेली, दिवस उलटून गेलेली, अशा बायांना पट्टा लावणं शहाणपणाचं आहे. पण धोका नसलेल्या प्रत्येक बाईला तो लावल्याने काय साधतं, याचं उत्तर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या प्रसूतिगृहाने १९८५ साली दिलं. सुमारे १३,००० बाया, अर्ध्या पट्ट्यावर, अर्ध्यांचे ठोके ठरावीक वेळाने कानाने ऐकलेले. पट्ट्याच्या गटात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्मं झालं, हे मान्य करायला हवं. पण बाळांचे मृत्यू सारखेच राहिले, आणि चार वर्षांनी पाहिलं तर मेंदूच्या पक्षाघाताची मुलंही दोन्हीकडे सारखीच होती. इतर देशांतले अभ्यास मिळून पाहिले तर सतत पट्टा लावल्याने सिझर मात्र वाढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस अशी आहे की, निरोगी बाईच्या आपसूक सुरू झालेल्या बाळंतपणात सतत पट्टा लावू नये. ठोके कानाने किंवा हातातल्या डॉप्लरने ऐकावेत. कळा चांगल्या सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर करायच्या वेळी दर ५ मिनिटांनी.

पण थांबा. डब्लिनची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बरेचदा गाळली जाते. तिथे प्रत्येक बाईजवळ तिच्यासाठी म्हणून एक परिचारिका होती. कान यंत्राच्या तोडीचा ठरला, तो कुणीतरी खरंच कान लावून बसलं होतं म्हणून. आपल्याकडे एका सिस्टरकडे चार कळा देणाऱ्या बाया, दोन बाळंत झालेल्या, शिवाय रजिस्टर, ऑनलाइन नोंदी आणि औषधांचा साठा. तिने दर ५ मिनिटांनी कुणाकुणाचं पोट ऐकायचं? सिस्टरला शिव्या देणं सोपं आहे. ती आपल्यातलीच एक बाई आहे, पुष्कळदा कंत्राटावर आहे, हे आपण विसरतो.

दोन टोकं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१चा पाचवा अहवाल सांगतो की देशातल्या खाजगी दवाखान्यांत १०० बाळंतपणांतली ४७ सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५. खाजगीत जाणाऱ्या बाईचं बाळ सरकारीत जाणाऱ्या बाईच्या बाळापेक्षा तिप्पट वेळा गुदमरतं का? शरीर तर दोघींचं सारखंच. बदलतं ते बिल, घाई आणि खटल्याची भीती. "बाळ गुदमरतंय" हे वाक्य काही वेळा शंभर टक्के खरं असतं. काही वेळा ते बाईला गप्प करायचं सर्वात सोपं वाक्य असतं. खरं कोणतं आणि सोयीचं कोणतं, हे विचारायची मुभा नसेल तर दोन्ही सारखीच ऐकू येतात.

आणि दुसरं टोक म्हणजे मघाची दुसरी बाई. तिच्यासाठी सिझरची गरज होती की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही, कारण रात्रीची नोंदच नाही. मोजलंच नाही, तर दोष कुणाचा हेही ठरत नाही. मग दोष तिच्या नशिबाचा, किंवा ग्रहणात बाहेर पडली म्हणून तिचाच. मैत्रिणींनो, न ठेवलेल्या नोंदीचा भार नेहमी बाईच्या डोक्यावर येतो.

कळल्यावर काय?

आता तिसरा प्रश्न. समजा वेळेत कळलं. पुढे? भूल देणारे डॉक्टर आहेत का? रक्त आहे का? गाडी येईपर्यंत किती वेळ जातो? जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास द्यायला कुणी शिकलेलं आहे का? बहुतेक बाळं आपोआप रडतात. काहींना पुसून, पाठ चोळून जागं करावं लागतं. शंभरातल्या चार-पाचांना पिशवी-मास्क लागतो, आणि तो पहिल्या मिनिटातच लागतो. त्या मिनिटात पिशवी कपाटात कुलूपबंद असेल, तर कातडीतून वायू मोजणारं जगातलं सर्वात महाग यंत्र असून काय उपयोग?

आपली वैनगंगा इथून पवनीवरून गोसेखुर्द ओलांडून खाली गडचिरोलीकडे जाते. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. त्यांना नवजात बाळ तपासायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला, जंतुदोष ओळखायला शिकवलं. ३९ गावांत केलेलं हे काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. कमी शिकलेल्या बायांच्या हातांनी. आज तुम्ही आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देता, त्यांचं मूळ त्या कामात आहे. तंत्र छोटं होतं, पण मोजणारी, सांगणारी आणि हालचाल करणारी बाई एकच होती आणि ती जागेवर होती.

आता जे बोलणार आहे ते नदीपलीकडच्या भंडाऱ्याबद्दल आहे, आणि ते बोलणं मला जड जातं. ९ जानेवारी २०२१. मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. दहा बाळं गेली. काही भाजून, बरीचशी धुराने गुदमरून. सात वाचवली. ज्या खोलीत बाळांचा प्राणवायू राखण्यासाठी यंत्रं होती, त्याच खोलीत बाळं गुदमरली. धूर लक्षात आला तोवर उशीर झाला होता. पुढे जी कारवाई झाली, तिच्यात कंत्राटी परिचारिकाही सापडल्या. कुणाची चूक किती, हे न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण प्रत्येक बाळाच्या पायाला चिमटा लावणारी व्यवस्था त्या खोलीच्या छताकडे, तारांकडे, रात्रपाळीच्या माणसांच्या संख्येकडे बघत नव्हती, एवढं म्हणायचा हक्क त्या दहा आयांच्या वतीने आपल्याला आहे.

आपण काय मागायचं?

नवीन यंत्र मागणं सोपं असतं. फीत कापता येते, फोटो निघतो. मला वाटतं, आपण आधी पुढच्या गोष्टी मागाव्यात.

पहिली : कळा देणाऱ्या प्रत्येक बाईचे ठोके ठरलेल्या वेळाने ऐकले जावेत आणि तिथल्या तिथे लिहिले जावेत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा बाळंतपणाचा तक्ता आहे. त्यात बाळाच्या ठोक्यांबरोबर बाईजवळ सोबतीण आहे का, तिला पाणी दिलं का, ती कोणत्या स्थितीत आहे, याचेही रकाने आहेत. तो भरला जातो का, हे आपल्या रुग्ण कल्याण समितीत विचारा. सकाळी एकदम भरलेला तक्ता ओळखू येतो. सगळे आकडे एकाच शाईत आणि एकसारखे असतात.

दुसरी : सोबतीण. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईबरोबर तिच्या विश्वासाची एक बाई राहू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितलं आहे. ती सोबतीण आपल्यापैकी कुणी असू शकते. यंत्राचा आकडा तिला नाही कळला तरी चालेल. "ताई, आता अर्धा तास झाला, ठोके ऐकता का?" एवढं तिने म्हटलं तरी खूप झालं.

तिसरी : सही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आणि संमती घ्यायची ती पुरेशी माहिती देऊन. त्या खटल्यात तर सही बाईच्या आईनेच केलेली होती. जीव तातडीने धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. पण कळा देणारी बाई बोलू शकते, ऐकू शकते. तिला आधी सांगा. "ठोके ९० वर आले आहेत, कुशीवर वळवून पाहिलं, सुधारले नाहीत, म्हणून ऑपरेशन करतोय." हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

चौथी : कळा वाढवायचं इंजेक्शन घरी, गावात, कुणा खाजगी माणसाकडून घ्यायचं नाही. दवाखान्यात दिलं तर कशासाठी दिलं ते विचारायचं आणि त्यानंतर ठोके ऐकायला लावायचे.

पाचवी : पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहायचं नाही. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, गाडी आणि आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी जपून ठेवा.

सहावी : सिस्टरची संख्या. ही मागणी सिस्टरच्या विरुद्ध नाही, तिच्या बरोबरीने करायची आहे. रात्रपाळीला माणसं वाढवा, कंत्राट संपवा. तिचे हात मोकळे असतील तरच तिचा कान आपल्या पोटाला लागेल.

मघाच्या पहिल्या बाईकडे परत जाते. तिच्या बाळाचं बरंच झालं. पण ती म्हणाली ते शब्द मला साध्या तक्रारीचे वाटत नाहीत. नऊ महिने बाळ कधी हललं, कधी निजलं, हे तिला सगळ्यांच्या आधी कळत होतं. दवाखान्यात पाऊल टाकल्यावर तीच सर्वात शेवटची झाली. कातडीतून वायू मोजायला माणसं निघाली, अवघड काम होतं, त्यांनी मनापासून केलं. त्याच कातडीच्या अलीकडे एक बाई जागी असते, तिला विचारायला आणि सांगायला मात्र कोणताच शोध लागत नाही.

येत्या महिन्यात तुमच्या गावात जिचे दिवस भरतील, तिची सोबतीण कोण हे आजच या बैठकीत ठरवून उठू या. नावं लिहायला वही मी आणली आहे.